पोटॅशियम ७.४, शेरा: नमुना अयोग्य

तीस-बत्तीस माणसांचं पोटॅशियम एकाच दिवशी वाढत नसतं. संध्याकाळी प्रयोगशाळेतून आलेला तक्ता उघडला आणि पोटॅशियमचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल दिसला, तेव्हा माणसं आजारी नाहीत, नमुने बिघडलेत, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. प्रयोगशाळेनं पूर्ण तुकडीवर ‘नमुना अयोग्य’ असा शेरा मारला होता. नियमाप्रमाणे बरोबर. त्या नियमाखाली एक माणूस जवळजवळ गाडला गेला, म्हणून हे लिहितोय.

काम गोव्यातल्या काणकोण तालुक्यातल्या मूत्रपिंडविकाराच्या सर्वेक्षणाचं. मधुमेह नाही, जुना रक्तदाब नाही, तरी चाळिशी-पन्नाशीतल्या कष्टकरी माणसांची मूत्रपिंडं आक्रसत जातात. आंध्रातलं उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, एल साल्वादोर-निकाराग्वातले ऊसतोड कामगार, त्याच यादीत काणकोणचंही नाव घेतलं जातं. पाण्यातली सिलिका, शिसं, ऊन आणि घाम, वेदनाशामक गोळ्या असे संशयित बरेच आहेत, पुरावा कुणाविरुद्धच पक्का नाही. या आजारात लघवीतून प्रथिनं फारशी जात नाहीत, त्यामुळे नुसती पट्टी बुडवून केलेलं शिबिर म्हणजे फोटोपुरतं शिबिर. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, मोजावंच लागतं आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावं लागतं. त्यासाठी रक्त हवं, आणि रक्त आलं की ट्यूब गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारा सेंट्रिफ्यूज आला.

सेंट्रिफ्यूज हा आमच्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित प्राणी. पिवळ्या टोपीच्या जेल ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, पाच-सहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करायचं, अर्धा तास उभं ठेवून गोठू द्यायचं, मग दहा मिनिटं फिरवायचं. रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत सिरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, पेशींपासून वेगळं झालं पाहिजे. एकदा फिरवलेली जेल ट्यूब पुन्हा फिरवायची नाही, कारण जेलखाली अडकलेलं पोटॅशियम वर येतं. हे सगळं कागदावर आहे. कागदावर नाही ते असं, की गावडोंगरीच्या पलीकडच्या वाड्यावर नऊ वाजता वीज गेली की दुपारपर्यंत येत नाही. जनरेटरची मागणी दर बैठकीत होते आणि दर बैठकीत ‘पुढच्या टप्प्यात बघू’ या रकान्यात जाते. त्या दिवशी पथकप्रमुखांनी ठरवलं की न फिरवलेल्या ट्यूब आइसबॉक्समध्ये ठेवायच्या आणि करमल घाटातून मडगावच्या बाजूला न्यायच्या. गार ठेवलं की टिकतं, हा त्यांचा हिशेब. मासळीला तो लागू पडतो.

रक्तपेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-तीस पट जास्त असतं. ते थोडंथोडं बाहेर झिरपत असतं आणि पेशीच्या भिंतीवरचा पंप ते परत आत ओढत असतो. थंडीत हा पंप थंडावतो, झिरपणं चालू राहतं. पेशी फुटत नाही, त्यामुळे सिरम छान पिवळसर, पारदर्शक दिसतं. पेशी फुटल्याचं दाखवणारा यंत्राचा हिमोलिसिस निर्देशांकही हिरवा. आकडा मात्र खोटा. गंमत अशी की तेच रक्त एप्रिलच्या उकाड्यात बाहेर राहिलं तर सुरुवातीला उलटं होतं: पंप जोरात चालतो आणि पोटॅशियम खोटं कमी येतं. पंप साखरेवर चालतो, ती मिळते तोवर. म्हणून मी आधी साखरेकडे बघतो. पिवळ्या ट्यूबमधली साखर राखाडी टोपीच्या फ्लोराइड ट्यूबपेक्षा (हिच्यात पेशींना साखर खाता येत नाही) बरीच खाली असेल तर नमुना उन्हात पडून होता. साखर फारशी हललेली नाही आणि पोटॅशियम वर, तर बर्फ.

इथे बर्फच होता. ज्यांचं रक्त सकाळी आठला घेतलं त्यांचं पोटॅशियम ५.८, ६.०, ६.१. दहा वाजताच्यांचं साडेपाचच्या आसपास. शेवटच्या काहींचं ५.१, ५.२. वेळेनुसार लावलं तर कागदावर ठिपक्यांची उतरती रांगच तयार झाली. जितका वेळ बर्फात, तितकी गळती. एकच ठिपका रांगेच्या वर, खूप वर: ७.४. आणि तो उजव्या टोकाला होता. म्हणजे रक्त घेतल्याची वेळ साडेअकरा, सगळ्यांत शेवटची. काजूचा हंगाम, बोंडू वेचून येईपर्यंत त्या काकांना उशीर झाला होता.

एकटा ७.४ कुणालाही खोटाच वाटला असता. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधलं रक्त चुकून पिवळ्यात ओतलं की असंच होतं, कारण जांभळ्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. पण ईडीटीए कॅल्शियमही गिळतं. तसं झालं असतं तर कॅल्शियम रसातळाला असतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही पडलेलं असतं. काकांचं कॅल्शियम ८.१, फॉस्फटेज व्यवस्थित. ही शक्यता गेली.

मग त्याच माणसाची जांभळी ट्यूब पाहिली. हिमोग्लोबिन ७.६. इथे मी खुर्चीत सरळ बसलो. गळती होते ती लाल पेशींमधून, आणि या माणसाकडे इतरांच्या निम्म्याच पेशी. बर्फातला वेळ सगळ्यांत कमी, पेशी निम्म्या, म्हणजे खोटी वाढ जेमतेम अर्ध्या अंकाची. बाकीचं खरं. मूत्रपिंड निकामी झालं की त्यातून येणारं, लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन आटतं आणि माणूस फिका पडत जातो. अहवालात आम्ही ज्याला ‘गुंतागुंत’ म्हणून वेगळा तक्ता देतो, तीच ॲनिमिया इथे साक्षीला उभी राहिली. क्रिएटिनिन ६.१, युरिया १४८. क्रिएटिनिनला काही तासांच्या बर्फानं धक्का लागत नाही. वय ५२ धरून २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातलं तर मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग १० येतो. १५ च्या खाली म्हणजे शेवटची पायरी. बायकार्बोनेटकडे मी बघितलंच नाही, टोपी उघडी राहिलेल्या ट्यूबमधून वायू उडून जातो.

तरीही इशारा कुणालाच गेला नव्हता. आमच्या संगणकप्रणालीत धोक्याच्या आकड्याचा संदेश फक्त ‘स्वीकृत’ निकालावरून निघतो. अयोग्य ठरलेल्या रकान्यातून काहीच निघत नाही. क्रिएटिनिनची यादी आठवड्यातून एकदा जाते. ज्यानं ही रचना केली त्याला सर्वेक्षण आकड्यांचं वाटत असावं, माणसांचं नव्हे.

अर्जावरचा मोबाइल त्या वाड्यावर लागत नाही. शेवटी अंगणवाडीतल्या ताई लागल्या.

“काका बरे आहेत की. आत्ताच पेज जेवून आडवे झालेत. सकाळी आणलं तर चालणार नाही?”

“नाही ताई, आत्ताच न्यायला हवं. चालवत नको, गाडीतून. आणि शहाळं, ताक, काही पाजू नका.”

शहाळ्याचं मी सवयीनं बोललो होतो. नंतर कळलं की उन्हामुळे लघवीला जळजळ होते म्हणून काका रोज दोन-तीन शहाळी पीत होते. एका शहाळ्यात आकाराप्रमाणे अर्धा ते पाऊण ग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं. काकांच्या जोडीला रक्तदाबाची टेल्मिसार्टन होती, तिनं पोटॅशियम बाहेर जाणं आणखी कमी केलेलं, आणि कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, तिनं उरलंसुरलं. तिन्ही गोष्टी एकेकट्या सभ्य आहेत. एका माणसात त्या एकत्र आल्याचं पाहणारा कुणी नव्हता.

चावडीच्या आरोग्य केंद्रात रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी आधी ईसीजी काढला. टी लहरी उंच, टोकदार, तळाशी अरुंद, पी जवळजवळ सपाट, क्यूआरएस रुंदावलेला, म्हणजे पोटॅशियम हृदयाला भिडलं होतं. छातीत दुखणं नाही, चक्कर नाही, काका फक्त “पाय जड वाटतात” एवढंच सांगत होते. बाईंनी नव्या रक्ताच्या निकालाची वाट बघितली नाही. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट दहा मिलिलिटर, शिरेतून सावकाश, मॉनिटरवर नजर ठेवून. यानं पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाला अर्धा-पाऊण तास कवच मिळतं. तेवढ्यात इन्शुलिन दहा युनिट आणि सोबत २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, मग साल्ब्युटामॉलची वाफ. मूत्रपिंड बंद असेल तर इन्शुलिन शरीरात रेंगाळतं, म्हणून पुढचे सहा तास दर तासाला साखर बघा, असं त्यांनी १०८ मधल्या मुलाच्या चिठ्ठीवर ठळक लिहून दिलं. हे फार थोडे लोक लिहितात. कॅल्शियमनंतरच्या दुसऱ्या ईसीजीत क्यूआरएस अरुंद झालेला दिसत होता.

उपचार सुरू करण्याआधी घेतलेला नमुना, मूठ आवळायला न लावता काढलेला आणि लगेच फिरवलेला: ६.८. डायलिसिस पहाटे झालं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं साडेसात सेंटिमीटरची, म्हणजे हे दुखणं काल-परवाचं नाही. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाचं माप, किरकोळ वाढलेलं. पट्टीवर तो माणूस ‘ठीक’ निघाला असता.

आता वाद चालू आहे तो तक्त्यातल्या काकांच्या ओळीवरून. संख्याशास्त्रज्ञ म्हणतात, तुकडी रद्द म्हणजे सगळ्यांचं पोटॅशियम रिकामं. एकाचाच आकडा ठेवला तर निवड केल्यासारखं होईल. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण वीज जाते ती रस्त्यापासून लांबच्या वाड्यांवर, म्हणजे रिकामे रकानेही तिथलेच असणार, आणि सर्वेक्षण मुळात त्याच वाड्यांसाठी आहे. ही आकड्यांची गळती यदृच्छेनं झालेली नाही, असं तरी अहवालात लिहा, इतकंच माझं मागणं होतं. एका वरिष्ठांनी त्यावर सुचवलं की पुढच्या टप्प्यात पोटॅशियम मोजणंच बंद करावं. मोजलं नाही की जबाबदारीही नाही. जनरेटरपेक्षा हे स्वस्त पडतं हे खरं. मी लेखी विरोध नोंदवलाय आणि सोबत ठिपक्यांचा तो कागद जोडलाय. धोक्याचा संदेश नाकारलेल्या निकालावरूनही निघावा, हा बदल मात्र प्रणाली सांभाळणाऱ्या मुलानं कुणाची परवानगी न विचारता त्याच आठवड्यात करून टाकला.