प्लग ओला की कोरडा?

जानेवारीतला रविवार, सकाळचे सव्वासहा. मळ्यात भरिताचा बेत होता. बामणोदची वांगी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवलेली, भाजायला पऱ्हाट्या रचून तयार, आणि अण्णांची पद्मिनी कार ओट्यासमोर नुसती सेल्फ खात उभी. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. समोरच्या काकू सडा टाकता टाकता थांबल्या. "माय वं, आजबी नाही का चालू झाली?"

पाहुणे शेवटी शेजारच्यांच्या टेम्पोतून गेले. मी आणि वांग्यांचं पोतं मागे राहिलो.

ही गाडी अण्णांनी 1986 मध्ये केळीच्या पैशातून घेतली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गियर, डॅशबोर्डखाली ओढायचा चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारं बटण. अण्णा होते तोवर ती रोज फैजपूर ते मळा अशी फिरायची आणि हिवाळ्यात कधी अडली नाही. आता मी शाळेत शिकवते, त्यामुळे ती निघते रविवारी. हा फरक सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी होता, पण ते कळायला मला तीन रविवार लागले.

त्याआधी एका गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलून धुऊन झाला होता. जेट फुंकले, फ्लोटची नीडल बदलली. दोन्ही वेळा तिथे गाडी पहिल्या सेल्फला लागली, कारण धक्का मारून का होईना, ती तिथवर चालवत नेली होती आणि इंजिन गरम होतं. थंडीतला बिघाड गरम इंजिनावर दिसणार कसा? गाडी रात्रभर ठेवून पहाटे बघा, असं मी सांगितलं होतं. ते कोणी केलं नाही, याचा मला अजून राग आहे.

मग भुसावळच्या चाचांना फोन लावला. त्यांनी अण्णांच्या गाडीचं काम वीस वर्षं केलं. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. त्यांनी एकच विचारलं, "ताई, सेल्फ मारल्यावर लगेच प्लग काढला का? ओला का कोरडा?"

प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग. मी काढला नव्हता. पुढच्या रविवारी पहाटे चोक पूर्ण ओढून आठ-दहा सेकंद सेल्फ मारला आणि प्लगपाना घेऊन बसले. चारही प्लग कोरडे. वास घेतला, पेट्रोलचा मागमूस नाही. चोक ओढलेला असताना मिश्रणात पेट्रोल जास्त हवं, प्लग ओलसर यायला हवा. ओला आला असता तर करंट, म्हणजे ठिणगीची बाजू बघायची: पॉइंट, कंडेन्सर, डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण, कॉइल. किंवा ओव्हरफ्लो समजून चोक आत ढकलायचा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, म्हणजे जादाचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. कोरडा आला म्हणजे पेट्रोलच पोचत नाहीये. या एका पाहणीने निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते, आणि तिला लागतो फक्त पाना. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी प्रत्येकाने हे करावं, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

बॅटरी मी आधीच तपासली होती. थंडीत तिचा जोर कमी होतो, इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त ताकद लागते आणि कॉइलच्या वाट्याला कमी व्होल्ट येतात. सेल्फ फिरताना मीटरवर 10.4 व्होल्ट दिसले. साडेनऊच्या खाली गेलं असतं तर आधी बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी बघितली असती.

मग बाटलीचा प्रयोग. कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडली आणि भाच्याला सेल्फ मारायला बसवलं. बराच वेळ काही नाही, मग फसफस करत बुडबुडे आणि थोडंसं पेट्रोल. एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप, चांगला होता, पण तो हवा ओढत होता. टाकीकडून पंपाकडे येणारा रबरी पाइप कडक झालेला, क्लिपखाली केसाएवढी चीर. ती कोणालाच दिसली नव्हती, कारण पंपाच्या ओढीच्या बाजूला चीर पडली की पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही. हवा आत शिरते. ना डाग, ना वास. गाडी उभी राहिली की तिथून हवा शिरून पाइपातलं पेट्रोल टाकीकडे उतरतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं आठवडाभरात उडून जातं. मग रविवारी पहाटे वाटी कोरडी, पाइप कोरडा. अण्णांच्या काळात गाडी रोज चालायची, वाटी भरलेली असायची. चीर तेव्हापासूनची असती तरी कळली नसती.

नवा पाइप इथेनॉलला टिकणारा घेतला. पेट्रोल पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि जळायला त्याला हवा कमी लागते. नवीन गाड्यांचा संगणक ते जुळवून घेतो. आमच्या कार्बोरेटरचं जेट जेवढ्या भोकाचं आहे तेवढंच सोडणार, त्यामुळे गार इंजिनावर मिश्रण आणखी पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि चोकवरचा भार वाढतो.

आणि चोकच अर्धा निघाला! पाइप बदलल्यावर गाडी लागली, पण दोन-तीन सेकंदांत बंद पडायची. बॉनेट उघडून भाच्याला म्हटलं, चोक ओढ. बटण पूर्ण बाहेर आलं, कार्बोरेटरवरचा लिव्हर मात्र निम्माच फिरला. तारेचं बाहेरचं कव्हर क्लिपमधून सरकलं होतं. दोनदा कार्बोरेटर उतरवून बसवताना तो स्क्रू नीट आवळला गेला नसावा. मी तार सरळ केली, बटण आत ढकलून लिव्हर मूळ जागी आणला आणि स्क्रू आवळला. पाच मिनिटांचं काम.

चाचांना फोन केला तर त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकायला मागितला. मी मोबाइल बॉनेटखाली धरला. "आता चोक हळूहळू आत घ्या," ते म्हणाले, "विसरून ओढलेला ठेवू नका." चोक फार वेळ राहिला तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं.

म्हणून माझ्या खुणा ठरल्या आहेत. गल्लीच्या तोंडाशी चोक पाऊण, सावद्याच्या रस्त्याला लागले की अर्धा, आणि केळीच्या बागा सुरू झाल्या की पूर्ण आत. गेल्या रविवारी वांग्यांचं पोतं मागच्या सीटवर होतं आणि आई पुढे बसली होती.