खाली बसलेला कर्व्ह

दुपारी बाराला संशोधन करणारी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, कर्व्ह बघा. पार खाली बसलाय!" कर्व्ह म्हणजे मात्रा वाढवत गेलं की स्नायू किती आवळतो याचा आलेख. तिचा आनंद रास्त होता. बकरीच्या श्वासनलिकेवर एका झुडपाच्या पानांचा अर्क तपासायला आम्ही सकाळपासून बसलो होतो. अर्काआधी ॲसिटिलकोलीननं, म्हणजे हा स्नायू आवळणाऱ्या द्रव्यानं, टिश्यू (श्वासनलिकेचा तुकडा) १.९ ग्रॅमपर्यंत आवळत होती, अर्क घातल्यावर १.१ ग्रॅमवर अडली. अर्ध्या कमाल प्रतिसादाला लागणारी मात्रा ३ मायक्रोमोलरवरून ९ वर गेली. कर्व्ह उजवीकडे सरकला आणि त्याचा माथाही उतरला. श्वासनलिका सैल करणाऱ्या द्रव्याकडून हवं असतं ते नेमकं हेच, आणि पहिल्याच दिवशी.

मी विचारलं, "कंट्रोलचा कर्व्ह कुठाय?"

दुसऱ्या बाथमध्ये, म्हणजे टिश्यू द्रावणात बुडवून ठेवायच्या भांड्यात, त्याच श्वासनलिकेचा दुसरा तुकडा टांगलेला होता. त्यात अर्काऐवजी नुसता विद्रावक, म्हणजे अंतिम ०.१ टक्का डीएमएसओ. स्क्रीनवर त्याची खिडकी खालच्या कोपऱ्यात होती आणि पहिला, दुसरा दोन्ही कर्व्ह ती खिडकी सारख्याच उंचीनं भरत होते. म्हणून कंट्रोल ठीक, असं तिनं धरलं होतं. पण त्या खिडकीचा उभा अक्ष ऑटोस्केलवर होता. येईल तो आलेख ताणून खिडकीभर दाखवायचा, हेच ऑटोस्केलचं काम. अक्ष ० ते २.५ ग्रॅमवर बांधला आणि दुसरा कर्व्ह डोळ्यांदेखत खाली आला. पहिल्या वेळी १.७ ग्रॅम, दुसऱ्या वेळी १.०. अर्काच्या बाथमध्ये ५८ टक्के उरले होते, अर्क न घातलेल्या बाथमध्ये ५९.

म्हणजे जे घडत होतं त्याचा अर्काशी संबंध नव्हता. दोन्ही बाथना समान असलेलं काहीतरी बिघडलं होतं. त्यानंतरचे तीन तास ते शोधण्यात गेले. हे काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून ते क्रमानं लिहिते.

आधी मांडणी. पहाटे मटणाच्या दुकानातून श्वासनलिका आणायची, ती बर्फात ठेवलेल्या क्रेब्स द्रावणातून (टिश्यू जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) आणि तासाच्या आत. बाहेरची चरबी आणि पडदा काढून ३-४ मिलिमीटरच्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकती स्नायूच्या बरोबर समोर, कुर्चेवर कापून उघडायची, आणि अशा चार-पाच चकत्या दोऱ्यानं एकीला एक बांधून साखळी करायची. एकेका चकतीचं आकसणं थोडंच असतं, साखळीत ते एकत्र येऊन हालचाल मोठी होते. साखळीचं खालचं टोक २० मिलिलिटरच्या बाथमधल्या काचेच्या हुकाला, वरचं टोक ओढ मोजणाऱ्या फोर्स ट्रान्सड्यूसरला. ताण २ ग्रॅम, तापमान ३७ अंश. तासभर तशीच ठेवायची आणि दर १५ मिनिटांनी द्रावण बदलायचं.

ट्रान्सड्यूसर आमचा घरी बांधलेला. १०० ग्रॅमचा छोटा लोडसेल, म्हणजे वजनाचा विद्युतदाब करणारा भाग, आणि त्या दाबाचे आकडे (काउंट) करणारी एचएक्स७११ ही २४ बिटची चिप. लोडसेलमध्ये ताणानं रोध बदलणाऱ्या चार स्ट्रेनगेजचं मंडल, व्हीटस्टन ब्रिज, असतं. १०० ग्रॅमला दर व्होल्टमागे १ मिलिव्होल्ट देणारा सेल ५ व्होल्टवर चालवला, तर १ ग्रॅमला मिळतात जेमतेम ५० मायक्रोव्होल्ट. चिप ते १२८ पट करून मोजते आणि १ ग्रॅमला साधारण २१ हजार काउंट देते. चिपची गती सेकंदाला १० वाचनांवरच ठेवावी. त्या गतीला तिचा आतला फिल्टर विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची घरघर मारतो. घाईनं ८० वर नेली, की तीच घरघर ३० हर्ट्झचं सोंग घेऊन आलेखात शिरते. आणि श्वासनलिकेला मिनिटभर लागतं आवळायला, तिला ८० वाचनांची गरजच नाही. केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली तर थर्मोस्टॅटचा हीटर लागला-सुटला की बेसलाइन उडी मारते.

तर पहिला संशय या साधनावर. टिश्यूचा दोरा सोडवून १ ग्रॅमचं वजन टांगलं. सकाळी ते २१,४०० काउंट दाखवत होतं, आता २१,३८०. ट्रान्सड्यूसर संशयातून सुटला. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती आधी केली नाही तर पुढचा प्रत्येक निष्कर्ष लटकता राहतो.

दुसरा संशय ॲसिटिलकोलीनवर. अल्कलीत त्याचा एस्टर बंध तुटतो, म्हणून स्टॉक, म्हणजे मूळ तीव्र द्रावण, पीएच ४ च्या सौम्य आम्ल द्रावणात करून बर्फात ठेवतात. ॲसिटिलकोलीन क्लोराइड १८१.७ मिलिग्रॅम घेऊन १० मिलिलिटर केलं की ०.१ मोलर होतं. भुकटी हवेतली ओल झपाट्यानं ओढते, त्यामुळे बाटली उघडी ठेवून वजन करत बसलं की मात्रा कमीच भरते. डोस आम्ही साचवत जातो: १० नॅनोमोलर, ३०, १००, असे ३०० मायक्रोमोलरपर्यंत. इथली नेहमीची चूक म्हणजे आधी बाथमध्ये असलेलं द्रव्य वजा न करणं. १० वरून ३० ला जायचं तर २० ची भर घालायची, ३० वरून १०० ला ७० ची. म्हणून पहिला डोस २० मायक्रोलिटर, पुढचा त्याच स्टॉकचा ४०, त्यापुढचा दहापट तीव्र स्टॉकचा १४, आणि मग ४० व १४ हीच जोडी पुढे. सगळं मिळून २७६ मायक्रोलिटर, बाथच्या दीड टक्क्याच्या आत. एवढ्यानं बाथ पातळ होत नाही.

तिनं डोस बरोबर दिले होते, वहीत प्रत्येक आकडा होता. तरी नवा स्टॉक करून दिला. प्रतिसाद तसाच उणा.

मग पोटॅशियम क्लोराइड. ३ मोलरचं ०.४ मिलिलिटर टाकलं की २० मिलिलिटरमध्ये ६० मिलिमोलर होतं. ॲसिटिलकोलीन पेशीवरच्या ठरावीक जागेला, रिसेप्टरला, चिकटून काम करतं. पोटॅशियमला रिसेप्टर लागत नाही. ते पेशीपटलाचा विद्युतदाब उतरवतं, कॅल्शियमचे दरवाजे उघडतात आणि बाहेरचं कॅल्शियम आत येऊन स्नायू आवळतो. ॲसिटिलकोलीनचा प्रतिसाद पडला पण पोटॅशियमचा शाबूत, तर घोळ रिसेप्टरपाशी. दोन्ही पडले, तर त्याच्या पुढे. सकाळी टिश्यू जागी करताना पोटॅशियमनं १.५ ग्रॅम दिले होते. आता ०.८. टिश्यू मरत तरी होती, नाहीतर तिला कॅल्शियम तरी पुरत नव्हतं.

इथे मला इंग्लिश डॉक्टर सिडनी रिंगर आठवला. १८८२ मध्ये त्यानं बेडकाचं हृदय खारट पाण्यावर छान चालतं असं लिहिलं, आणि १८८३ मध्ये स्वतःच दुरुस्ती केली. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाच्या पाण्यात बनलं होतं, आणि त्या पाण्यातल्या कॅल्शियमवर हृदय चालत होतं. शुद्ध पाण्यातल्या खारट द्रावणात ते थांबलं. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक ऑर्गन बाथच्या द्रावणात कॅल्शियम मोजून घालावं लागतं.

आम्ही द्रावणाकडे वळलो. क्रेब्स आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये यकृताच्या कापांसाठी वापरलेलं हे द्रावण. आमच्याकडे १ लिटरला सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट ०.२९, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१ आणि ग्लुकोज २ ग्रॅम घेतात. कॅल्शियम क्लोराइड ओल ओढतं म्हणून ते तोलत नाही. १ मोलर द्रावण करून ठेवतो आणि लिटरला २.५ मिलिलिटर घालतो. तेही सगळ्यात शेवटी, वायूचे बुडबुडे १५-२० मिनिटं सोडून पीएच ७.४ वर आल्यावरच. आधी घातलं तर द्रावण दुधाळ होतं.

द्रावणाच्या बाटलीमागे काळा कागद धरला. एरवी जे द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं असतं, त्यात धुकं होतं, अगदी विरळ. बाथ जवळून पाहिला तर तळाच्या सच्छिद्र काचेवर पिठासारखा पापुद्रा धरला होता. त्यामुळे बुडबुडे मोठे आणि एकाच बाजूनं येत होते. काचेच्या हुकावर जिथे दोरा वळतो, तिथेही पांढरी कड आली होती. टिश्यू काढून तो हुक विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाखाली धरला. थेंब फसफसला. नुसतं फॉस्फेट असतं तर गुपचूप विरघळलं असतं. हे कार्बोनेट होतं.

पीएच मीटर पीएच ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घेतला आणि बाथमध्ये बुडवला. ८.३.

आता पुढे पाहायला एकच जागा उरली होती. कोपऱ्यात साखळीनं बांधलेले दोन सिलिंडर एकाच चावीवर जोडलेले होते. दोन्हींचं अंग काळं. ऑक्सिजनचा खांदा पांढरा असतो, कार्बोजेनचा, म्हणजे ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणाचा, पांढरा-राखाडी, पण जुन्या सिलिंडरवर धूळ आणि ओरखड्यांत राखाडी पट्टा ओळखू येत नाही. साडेदहाला पहिला संपला आणि दुसरा उघडला गेला. ओल्या फडक्यानं खांदा पुसला. तो पूर्ण पांढरा निघाला. टिश्यूला ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडऐवजी साडेदहापासून नुसता ऑक्सिजन मिळत होता.

प्राणवायू तर मिळत होता ना, मग बिघडलं काय? हा प्रश्न तिनं विचारला आणि तो योग्य आहे, कारण त्याच खोलीत शेजारच्या टेबलावर टायरोड द्रावण साध्या हवेवर चालतं. पण टायरोडमध्ये बायकार्बोनेट लिटरला १ ग्रॅम, क्रेब्समध्ये त्याच्या दुप्पट. क्रेब्सचा पीएच त्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडनंच धरलेला असतो. बायकार्बोनेट २५ मिलिमोलर, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड साधारण १.१, गुणोत्तर २२ च्या आसपास. त्याचा लॉग १.३४, त्यात या जोडीचा स्थिरांक ६.१ मिळवला की पीएच ७.४४. ऑक्सिजनचे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड धुऊन नेतात आणि तो अर्धा झाला की पीएच ०.३ नं चढतो. पीएच ०.३ नं चढला की कार्बोनेट दुप्पट होतं. ७.४ वरून ८.३ म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट कार्बोनेट. कॅल्शियम ७.४ लाच काठावर बसलेलं असतं, आठपटीला ते खाली बसणारच.

किती बसलं ते मोजलं. द्रावण व्हॉटमन ४२ या गाळणकागदातून गाळून १० मिलिलिटर घेतलं, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच १२ केला म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं, म्युरेक्साइड हा रंगदर्शक टाकून, कॅल्शियम पकडणाऱ्या ०.०१ मोलर ईडीटीएनं टायट्रेशन केलं. गाळायचं आधी, अल्कली नंतर. उलट केलं तर कॅल्शियमही कागदावर राहू शकतं. पूर्ण कॅल्शियम असतं तर २.५ मिलिलिटर लागायला हवं होतं. गुलाबी रंग १.७ ला जांभळा झाला. कॅल्शियम जवळजवळ एक तृतीयांश कमी आणि वर चढा पीएच, अशा पाण्यात दोन्ही टिश्यू सारख्याच उण्या पडत होत्या.

त्याच बाटलीत कार्बोजेन सोडून भागत नाही. पीएच वीस मिनिटांत ७.४ ला येतो, पण एकदा बसलेला साका सहज परत विरघळत नाही. सगळं ओतून दिलं, बाथ आणि नळ्या विरल आम्लानं, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं सहा वेळा धुतल्या आणि नवं द्रावण केलं. तोवर टिश्यू कार्बोजेन सोडलेल्या थोड्या ताज्या क्रेब्समध्ये ठेवल्या होत्या. परत टांगून पाऊण तास धुतल्यावर कंट्रोलनं १.५ ग्रॅम दिले, सकाळच्या १.७ पैकी. टिश्यू मेली नव्हती.

त्या दिवसाचे अर्काचे आकडे वहीत तसेच ठेवले, शेजारी कारण लिहून. खोडले नाहीत. दोन गोष्टी मात्र त्याच संध्याकाळी बदलल्या. दोन्ही सिलिंडरना वेगळे रेग्युलेटर आणि वेगळ्या रंगाच्या नळ्या लावल्या. आणि प्रत्येक कर्व्हच्या आधी व नंतर बाथचा पीएच नोंदायचे दोन रकाने तक्त्यात घातले. ऑटोस्केल कायमचा बंद.

दोन दिवसांनी ताज्या श्वासनलिकेवर तोच अर्क, त्याच मात्रेत पुन्हा तपासला. बाथचा पीएच सुरुवातीला ७.४१, शेवटी ७.४३. पहिल्या कर्व्हच्या तुलनेत दुसरा कर्व्ह कंट्रोलमध्ये ९७ टक्के, अर्काच्या बाथमध्ये ९५. त्या मात्रेत अर्क काहीच करत नव्हता. विद्यार्थिनीनं दोन्ही कर्व्ह एकाच अक्षावर काढून वहीत चिकटवले, खाली पीएच लिहिला, आणि तिप्पट मात्रेसाठी अर्क तोलायला घेतला.