माउंटन बाइकच्या टायरचे रबर निवडताना

ओल्या खडकावरून उतरताना माझे पुढचे चाक अचानक बाजूला सरकले, तेव्हा मी दोष टायरवरच्या नॉबच्या, म्हणजे रबराच्या उंचवट्यांच्या, रचनेला दिला. नॉब उंच होते, त्यांच्या कडा धारदार होत्या आणि हवाही जास्त भरलेली नव्हती. घरी आल्यावर नखाने दाबून पाहिले, तर ते रबर जवळजवळ दबतच नव्हते. आकार पाहून टायर घेतला होता, पण तो कशाचा बनला आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते.

रबराचा कठीणपणा शोर ए या मापात सांगतात. ठरावीक आकाराची बोथट सुई रबरात दाबून ० ते १०० मधला आकडा काढला जातो आणि आकडा जितका कमी तितके रबर मऊ असते. उतारासाठीच्या मऊ टायरांचा आकडा साधारण चाळिशीत, तर टिकाऊ टायरांचा साठच्या आसपास असतो. हे कळताच मी दोन्ही चाकांना ४२ आकड्याचे टायर बसवले, आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली.

पुढच्या टायरने त्याच ओल्या खडकावर अशी पकड दिली की मी वळणात शरीराचे वजन निर्धास्तपणे टाकू लागलो. मागच्या टायरची मात्र काही आठवड्यांतच दुर्दशा झाली. पेडलचा सगळा जोर मागच्या चाकातून जमिनीवर उतरतो आणि ब्रेक लावल्यावर तेच चाक सर्वांत आधी घसटते, त्यामुळे मधल्या नॉबच्या कडा गोल झाल्या आणि काही नॉब मुळाशी फाटू लागले. शिवाय लांब चढावर प्रत्येक पेडलला सायकल मागे ओढल्यासारखी वाटत असे.

मग मी केवळ कठीणपणाच्या आकड्यावर विसंबणे सोडले. झिजलेल्या दोन टायरांचे तुकडे कापून दगडी फरशीवर ठेवले आणि सायकलच्या बेअरिंगमधला पोलादी छर्रा त्यांवर एकाच उंचीवरून सोडला. नखाने दाबल्यावर दोन्ही तुकडे सारखेच मऊ लागत होते, पण एकावरून छर्रा चांगला उसळला, तर दुसऱ्यावर तो जेमतेम उठला. हा फरक रबराच्या परत उसळण्याच्या वेगाचा आहे. संथ उसळणारे रबर खडकाच्या बारीक खाचांत शिरते आणि लगेच मूळ आकाराकडे न झेपावल्यामुळे खडकाला चिकटून राहते. मात्र त्याला दाबण्यात गेलेली शक्ती पूर्ण परत मिळत नाही, तिच्यातला काही भाग उष्णता होऊन जातो. माझ्या पायांना चढावर जाणवलेले ओझे नेमके तेच होते. पकड आणि वेग यांचा हा व्यवहार मला टायरच्या वेष्टनावरच्या कोणत्याही शब्दापेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

कंपन्या हा समतोल थर देऊन साधतात. मॅक्सिसच्या थ्री-सी टायरांत खाली कठीण थर असतो, जो नॉबला आधार देतो, आणि वर मधल्या व कडेच्या नॉबसाठी वेगवेगळी मऊ रबरे असतात. त्यांतही मॅक्सग्रिप नावाचे रबर सर्वांत मऊ आहे आणि मॅक्सटेरा मध्यम. श्वाल्बेने २०१७ मध्ये ॲडिक्स ही मालिका आणली आणि तिच्यातली रबरे रंगीत रेषांनी वेगळी दाखवली. जांभळी रेष सर्वांत मऊ रबराची, मग नारिंगी, निळी आणि वेगासाठी लाल. पण एका कंपनीचे नाव किंवा रंग दुसऱ्या कंपनीच्या मोजमापात बसत नाही, म्हणून तुलना त्या त्या मालिकेपुरतीच करावी.

शेवटी मी पुढे सर्वांत मऊ, संथ उसळणारे रबर ठेवले आणि मागे मधल्या प्रतीचे. पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही, मागचे घसरले तर बहुतेक वेळा मिळतो, म्हणून मऊ रबराची महाग झीज मी पुढेच पत्करली. थंडीत रबर कडक होते, त्यामुळे गार सकाळी पहिली काही वळणे मी अजूनही सांभाळून घेतो. दर महिन्याला व्हर्नियरने मधल्या नॉबची उंची मोजून वहीत लिहितो. या जोडीत मागचा टायर मी एकदा बदलला आहे, आणि त्या वेळी पुढच्या टायरच्या कडेच्या नॉबची धार बोटाला लागत होती.