गवंड्याचा वेळ कोण खातो?

पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंत नाशिकमध्ये इमारती उठत आहेत, त्यात 2027 च्या सिंहस्थाच्या कामांची भर पडली आहे, आणि जो तो ठेकेदार म्हणतो की माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तरी नीट काम करत नाहीत. साइट इंजिनिअर म्हणून यातले पहिले म्हणणे मला मान्य आहे, दुसरे नाही.

वीटकामात एका गवंड्याने बिगाऱ्यांच्या मदतीने दिवसाला साधारण एक घनमीटर काम करावे, असे धरले जाते. तेवढे झाले नाही की मुकादम त्याला आळशी ठरवतो. प्रत्यक्षात मात्र विटा इमारतीच्या भलत्याच टोकाला उतरवलेल्या असतात, वाळू चाळलेली नसते, परांची (उंचावर उभे राहून काम करण्याचा मचाण) बांधणारे आलेले नसतात किंवा वायरिंगच्या पाइपची जागा ठरलेली नसल्याने भिंत अर्ध्यावर थांबवावी लागते. आणि हे सारे गवंड्याला हजेरी लागल्यानंतर कळते. म्हणून आदल्या संध्याकाळी मुकादम, गवंडी आणि इंजिनिअर यांनी जागेवर उभे राहून उद्याचे काम ठरवावे, नकाशा गवंड्याला दाखवावा, आणि परांची धोक्याची वाटल्यास काम थांबवण्याचा अधिकार त्यालाच द्यावा, असा माझा आग्रह असतो. त्याच्या सांगण्यावरून विटांची जागा बदलली गेली की दुसऱ्या दिवशी तो न विचारताही अडचण सांगू लागतो.

अंगावर, म्हणजे रोजाऐवजी कामाच्या मापावर ठेका ठरवून दिलेले काम वेगाने होते, हे खरे. पण घाईत ओळंबा सुटला, म्हणजे भिंत सरळ उभी राहिली नाही, की ती चूक पुढे गिलाव्याच्या जाडीत भरून काढावी लागते आणि वाचलेली मजुरी सिमेंटमध्ये जाते. ठेका द्यायचाच असेल, तर भिंत ओळंब्यात असल्याचे तपासल्यावरच पूर्ण दर द्यावा.

पेठ, सुरगाणा भागातले मजूर पावसाळ्यात भाताच्या आवणीसाठी गावी जातात, त्याला आपल्याकडे पळून जाणे म्हणतात. आवणी दरवर्षीच येते. आपल्या वेळापत्रकात तिला जागा नसते, एवढेच. घमेली वाहणाऱ्या बायकांचेही तसेच. माल कालवण्याचे प्रमाण त्यांना पाठ असते, तरी गवंडीकामाची थापी कोणी हातात देत नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 50 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले. मला वाटते, त्याहून लहान साइटवरही मुलांसाठी एक सुरक्षित खोली राखावी, म्हणजे आईला दर थोड्या वेळाने खाली उतरावे लागणार नाही.

बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर कामगार कल्याणासाठी घेतला जातो. त्या योजनांचा लाभ घ्यायचा तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो देताना अनेक ठेकेदार टाळाटाळ करतात, कारण सही केली की आपण त्या मजुराचे मालक ठरू, अशी त्यांना भीती असते. दाखला हक्काने मिळणारी साइट कोणती, हे मजूर एकमेकांना सांगतात, आणि चांगले गवंडी तिकडेच वळतात.