अक्काचा नंबर

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी ६९, ती ७८. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एकटी राहते, आणि गेल्या वर्षापर्यंत तिच्याकडे मोबाइल नव्हता. "तिला एक घेऊन द्या की," असं मला तिच्या मुलानं, माझ्या सुनेनं आणि तिच्या शेजारणीनंही सांगून झालं होतं. मी हो हो म्हणायचो आणि विषय बदलायचो. खरं सांगायचं तर मनातून मला अक्काचंच पटत होतं.

तिचा हिशेब साधा होता. "घरात असले तर घरचा फोन आहे. बाहेर असले तर कामाला गेलेय. त्यात कुणाला कशाला बोलायचंय माझ्याशी?"

यावर मी काय बोलणार? माझी ३४ वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. तिच्याकडचा तो तारेचा फोन किती भरवशाचा आहे हे तिच्याहून मला जास्त माहीत होतं. तांब्याच्या तारेवरच्या फोनला घरातली वीज लागतच नाही, त्याची वीज एक्सचेंजमधून त्याच तारेनं येते. आमच्या बॅटरी रूममध्ये २ व्होल्टच्या २४ सेल ओळीनं मांडलेल्या असायच्या, एकूण ४८ व्होल्ट. मागच्या अंगाला डिझेलचा जनरेटर. ॲसिडनं माझ्या शर्टांना पडलेली भोकं बायको वर्षानुवर्षं रफू करत आली. बाहेर अख्खा भाग अंधारात बुडाला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन हजर. ४८ व्होल्ट हाताला फारसे जाणवत नाहीत, पण रिंग येते तेव्हा लाइनवर ७५-९० व्होल्टचा एसी चढतो. मी एकदा तार दातांनी सोलत होतो आणि नेमका त्याच घटकेला कुणीतरी त्या नंबरला फोन लावला. तो कोण होता ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण शिव्या भरपूर खाऊन गेला.

तर सांगायचं हे की अक्का हट्टी नव्हती. तिच्याकडे असलेली वस्तू चांगली होती, म्हणून तिला दुसरी नको होती. घोटाळा झाला तो असा की तिला न विचारता ती वस्तूच बदलली गेली.

फोन कंपनीनं तांब्याची तार काढून फायबर टाकली. नंबर तोच, उपकरण तेच, त्याच तिपाईवर, त्याच विणलेल्या आच्छादनाखाली. भिंतीवर फक्त एक पांढरी डबी आली, हिरवे दिवे लुकलुकणारी. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणजे ती डबी घरच्या प्लगवर चालणार आणि वीज गेली की डबी गेली, फोनही गेला. बॅटरी बॅकअप लावून घेता येतो, पण तो लावायला हवा हे माझ्यासारख्याच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. एक्सचेंजमधल्या माणसाच्या बहिणीच्या घरी हे झालं याची मला अजून लाज वाटते.

वादळाच्या एका संध्याकाळी वीज गेली. साडेसात वाजता मी फोन लावला, लागेना. आठला लागेना. नवाला टॉर्च घेऊन निघालो. पोचलो तर अक्का मेणबत्तीच्या उजेडात, मांडीवर रिसीव्हर घेऊन बसलेली. मला बघून म्हणाली, "तुझं एक्सचेंज मेलं की काय?"

पण ती हो म्हणाली ते या कारणानं नव्हे. वीज जाते, येते, तिचं काही अडत नाही. तिला जे लागलं ते बँकेचं प्रकरण.

बँकेच्या फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना होता. तो रिकामा सोडता येत नाही म्हणाले, म्हणून मुलानं स्वतःचा नंबर घातला. मुलगा दूर देशात, तिकडे आपल्या दिवसाला रात्र. पुढे दर वेळी ओटीपी जायचा त्याच्याकडे. अक्का काउंटरवर उभी, मागे रांग, आणि तिच्या स्वतःच्या पैशांसाठी पोराला झोपेतून उठवायचं. एकदा त्यानं फोन सायलेंटवर ठेवला होता. तासभर बाकड्यावर बसून ती परत आली. मला म्हणाली, "वडील गेले तेव्हापासून पैशासाठी कुणाला विचारलं नव्हतं रे मी."

म्हाताऱ्या माणसाला रोजच्या जगण्यात मोबाइल लागतो का, हा प्रश्न मला तेव्हापासून जरा वेगळा दिसायला लागला. बोलायला नसेलही लागत. पण हल्ली नंबर म्हणजे सही झाली आहे. डॉक्टरची वेळ, बँक, सरकारी काम, सगळीकडे "नंबर सांगा". आणि मायेपोटी का होईना, आपली सही दुसऱ्याच्या खिशात गेली की आपण आपल्याच घरात पाहुणे होतो.

"एक फोन आण," अक्का म्हणाली. "नंबर माझा पाहिजे."

मुलानं उत्साहानं मोठा टचस्क्रीनचा फोन धाडला. पहिला आठवडा नुसता रडकुंडीचा. अक्का बोट ठेवायची, काही व्हायचं नाही. "जोरात दाब," मी. "अलगद टेकव," सून. शेजारणीचा नातू फोन हातात घ्यायचा, एका सेकंदात काम करून परत द्यायचा आणि अक्काचा चेहरा पडायचा. "माझ्या बोटात जीव नाही बहुतेक," असं ती एकदा सहज म्हणून गेली. त्यावर मात्र मी जागा झालो. अरे, तिच्या म्हणण्यात तथ्य आहे! हा पडदा दाबानं चालतच नाही. त्याच्या वर विजेचं एक बारीक क्षेत्र असतं. बोट वीजवाहक, ते जवळ आलं की क्षेत्र बदलतं, आणि तो बदल फोनला कळतो. त्वचेतला ओलावा गेला, कातडी जाड आणि कोरडी झाली, की बदल फिका पडतो. आयुष्यभर भांडी घासलेल्या, कपडे पिळलेल्या ७८ वर्षांच्या बोटाचं काय होणार? मी तिला ओल्या रुमालावर बोट टेकवायला सांगितलं, जरासं पुसायला लावलं आणि मग फोनवर ठेवायला सांगितलं. पहिल्या फटक्यात उघडला. अक्का हसली नाही. आधी तिनं बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "म्हणजे आठ दिवस तुम्ही सगळे मला शिकवत होता, आणि चूक फोनची होती."

दुसरं दुखणं म्हणजे बोट रेंगाळणं. आपल्याला शिकवलेलं की बटण नीट, पूर्ण दाबायचं. पण या फोनवर बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं की तो त्याचा वेगळाच अर्थ लावतो. चित्रं हलायला लागतात, एखादं गायब होतं. अक्कानं असा अर्धा फोन नाहीसा केला होता. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून एक कप्पा असतो, त्यात हा वेळ वाढवता येतो, अक्षरंही मोठी करता येतात. फोन देणारी पोरं तिथं कधी फिरकत नाहीत, कारण त्यांना स्वतःला त्याची गरज पडत नाही. माझं तर मत आहे की म्हाताऱ्याला फोन भेट द्यायचा असेल तर आधी तासभर तिथं घालवावा आणि मगच डबा बंद करावा.

तिसरं ऐकू येण्याचं. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. फोनबरोबर आलेली नाजूक किणकिण अक्काला दुसऱ्या खोलीतून ऐकूच जायची नाही. जुन्या घंटेसारखी खर्जातली रिंग लावली तेव्हा कुठं उठायला लागली. गंमत म्हणजे आवाज स्पष्ट येण्याच्या बाबतीत मोबाइलनं माझी जिरवली. आमची जुनी लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून न्यायची. स, श, फ यांचा बराचसा जीव त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर नाव सांगताना "सशातला स" करावं लागायचं. आता दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क धड असतील तर आवाज ७००० हर्ट्झपर्यंत येतो. अक्का एक दिवस म्हणाली, "तुझा दात पडलाय का रे? स बोलताना हवा जाते." पडला होता. तारेच्या फोनवर तिला ते कधीच कळलं नसतं.

एवढं करूनही टचस्क्रीन शेवटी रविवारपुरता उरला, नातवाचं तोंड बघायला. रोजचा म्हणून तिनं स्वतः जाऊन बटणांचा छोटा फोन निवडला. दुकानदारानं चार दाखवले. तिनं प्रत्येकाच्या ५ या आकड्यावर अंगठा फिरवून बघितला. तिथं एक उंचवटा असतो, त्यावरून न बघता बाकीचे आकडे सापडतात. ही खूण तिला मी फार वर्षांपूर्वी सांगितली होती, मी विसरलो होतो. ओटीपीचा मेसेज याही फोनवर येतो. तो कुणालाच, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही, सांगायचा नाही हे तिला एकदाच सांगावं लागलं. "कपाटाची किल्ली मागणाऱ्याला मी कधी दिलीय?" एवढंच म्हणाली.

म्हातारी माणसं आणि मोबाइल यांचं वाकडं आहे असं जे गृहीत धरतात त्यांना मी एक गोष्ट सांगतो. हातातल्या मोबाइलवरून पहिला फोन ३ एप्रिल १९७३ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून केला तो मोटोरोलाच्या मार्टिन कूपरनी. फोनचं वजन किलोभराहून जास्त. कूपर यांचा जन्म १९२८ चा, म्हणजे अक्का त्यांच्यापुढे अजून तरुण आहे.

आता माझं आणि अक्काचं भांडण. फोन आणला आणि तिनं तो तिपाईवर ठेवला, जुन्या उपकरणाच्या शेजारी, आच्छादनाखाली. फोनची जागा ती! बाहेर जाताना तिथंच, न्हाणीघरात जाताना तिथंच. मी म्हटलं, अगं, पडलीस तर तिपाईपर्यंत कशी जाशील? अंगावर असेल तरच तो कामाचा, नाहीतर लँडलाइनच बरी होती. "पडायच्या आधी बघू," ती म्हणाली.

तिला पटलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. त्यांच्या घरी एकच मोबाइल, आजोबांचा. सगळे नंबर त्यात. आजोबांना चक्कर आली, शुद्ध गेली, आणि आजींना फोन उघडायचा आकडा माहीत नाही. कुलूप न उघडताही मदतीचा इमर्जन्सी कॉल करता येतो हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लेकीचा नंबर पाठ होता पूर्वी, पण तो जुना, घरचा. तशाच जिन्यातून हाका मारत आल्या. आजोबा वाचले. अक्कानं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली, नाडी लावून गळ्यात अडकवली. आणि वहीत दहा नंबर मोठ्या अक्षरात लिहून वही दाराशी टांगली. लँडलाइन परत केली. उपकरण तेवढं ठेवलं.

एक मुद्दा राहिलाच, तो म्हणजे फोन बंद करणं. बोलून झालं की ती फोन पूर्ण बंद करते. बॅटरी वाचते म्हणे. "मग तुला फोन येणार कसा?" "मला बोलायचं असेल तेव्हा मी लावीन की." यावर मी दोन महिने डोकं आपटलं. हळूहळू लक्षात आलं की बॅटरी हे निमित्त आहे, दिवसभर कुणाच्याही हाकेला बांधील राहायला ती तयार नाही. शेवटी तह झाला: रात्री नऊ ते सकाळी सात चालू ठेवायचा आणि नवाच्या ठोक्याला मला एक रिंग देऊन कट करायचा. मी उचलायचा नाही. रिंग आली म्हणजे सगळं ठीक.

चार महिने घड्याळ लावावं अशी रिंग येत होती. मागच्या मंगळवारी आली नाही. सव्वानऊला मी लावला, स्विच ऑफ. साडेनऊला स्विच ऑफ. चपला घातल्या, वीस मिनिटांचा रस्ता बाराच मिनिटांत कापला, छातीत धडधड, डोक्यात न्हाणीघर. जिना चढून दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही. मग कडी निघाली. अक्का उभी, डोळ्यांवर झोप, गळ्यात पिशवी, पिशवीत बंद फोन.

"काय रे हे, इतक्या रात्री?" ती म्हणाली. "यायच्या आधी एक फोन तरी करावा माणसानं."