इनिष्टूट

लहानपणी मला वाटायचं, पूर्णा जंक्शनच्या रेल्वे कॉलनीतलं ‘इनिष्टूट’ म्हणजे काहीतरी शिकवायची जागा. तिथं मी शिकलो ते एवढंच, की कॅरमवर बोरिक पावडर हात आखडून टाकावी.

साहेबांना क्लब आणि नोकरवर्गाला इन्स्टिट्यूट, ही रेल्वेतली जुनी वाटणी. आमचे आजोबा वाफेच्या इंजिनावर फायरमन. पगारातून महिन्याची वर्गणी कापली जायची, त्यामुळे तिथं शिरताना चाल अशी, जणू इमारत त्यांच्याच पैशानं उभी राहिली. ड्यूटीवरून आले की आधी हौदावर घासून अंघोळ, मग पांढरा सदरा, डोक्याला चपचपीत तेल, आणि थेट तिकडं. तरी नखांतला काळा रंग तसाच. आजी कुरकुरली की म्हणायचे, “सिंगरेणीचा कोळसा हाय, एका अंघोळीत कुठं निघतो?”

दारावरची पाटी मात्र मोठी गंमतीची. 1951 साली निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत गेली, 1966 साली दक्षिण मध्य आली, 2003 साली नांदेड विभाग झाला. दर वेळी रंगारी यायचा आणि जुनं न खरवडता वरून नवं रंगवून जायचा. एका मे महिन्यात पापुद्रे सुटले तर खालून इंग्रजी ‘एन’ डोकावला. वडील म्हणाले, “निजामाचा.” बोलणाऱ्यांना यातल्या कशाचंच काही नव्हतं. त्यांच्यासाठी ते इनिष्टूटच.

नव्वदच्या दशकात मनमाडकडची मीटर गेज उखडली, 2008 साली अकोल्याकडची लाईनही ब्रॉड गेज झाली. लोको शेडची माणसं कुठं कुठं बदलून गेली. कॅरमचा स्ट्रायकर कुणी नेला, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला त्याच हॉलमध्ये गेलो. कॅरमच्या जागी भाताचं पातेलं. भिंतीला चुना नवा, पण जुन्या बाकाच्या वर एक लांब तेलकट पट्टा चुन्यातून पुन्हा वर आलेला. बसणाऱ्यांच्या डोक्यांचा. मी खुर्ची ओढून तिथं टेकून पाहिलं. पट्टा माझ्या डोक्याच्या चार बोटं वर. आजोबा उंच होते.

तेवढ्यात वाढप्यानं पत्रावळ पुढं केली.