पाच फेऱ्या झाल्या, मग सगळे गप्प का?

सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीच्या मुलाखती देणाऱ्यांकडून हा प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो: ‘पाच फेऱ्या झाल्या, सगळ्या बऱ्या गेल्या, मग तीन आठवडे कोणी काही बोललंच नाही आणि शेवटी दोन ओळींचा नकार आला. माझं नेमकं काय चुकलं?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

सॉफ्टवेअर कंपनीत तुमच्याबद्दलचा निर्णय बहुतेकदा कागदावर होतो. फेरी संपली की मुलाखत घेणारा फॉर्म भरतो. त्यात चार पर्याय असतात: नक्की घ्या, घ्या, नको, अजिबात नको. खाली कारणं लिहायची. नीट चालवलेल्या कंपनीत आपला फॉर्म दिल्याशिवाय इतरांची मतं दिसत नाहीत. मग अर्ध्या तासाची बैठक होते. प्रत्येक फेरी एकेकानेच पाहिलेली असते, त्यामुळे तिथे बोलतो तो कागद. तुम्ही मनातल्या मनात जे बरोबर ओळखलंत, ते तिथे पोहोचतच नाही. आणखी एक गोष्ट बाहेर कोणी सांगत नाही: चार कोमट ‘घ्या’ मिळाले तरी नकार येऊ शकतो, कारण तुमच्यासाठी भांडायला बैठकीत कोणीच नसतं. ‘सगळ्या बऱ्या गेल्या’ याचा अर्थ पुष्कळदा एवढाच.

म्हणून कोडिंगच्या, म्हणजे समोरासमोर प्रोग्राम लिहून दाखवायच्या, फेरीत वेळेचा हिशेब आधी करा. ४५ मिनिटांतली ५ ओळखीत आणि ५ शेवटी तुमच्या प्रश्नांत जातात. उरली ३५. त्यातली ५ मिनिटं प्रश्न समजून घ्यायला ठेवा: इनपुट किती मोठं, क्रमाने लावलेलं आहे का, एकच किंमत पुन्हा येते का, रिकामं असू शकतं का. पुढची ५ आधी साधी, हळू चालणारी पद्धत आणि मग सुधारलेली पद्धत तोंडी मांडायला, दोन्हींना लागणारा वेळ आणि मेमरी सांगून. कोडला २० आणि तपासायला ५. बहुतेकांची गाडी अडते ती पहिल्याच मिनिटाला टायपिंग सुरू केल्याने. शेवटची ५ मिनिटं जातात ती ‘झालं’ म्हणून थांबल्याने. रिकामी यादी, एकच घटक, सगळे सारखे घटक, एवढ्या तीन गोष्टी हाताने चालवून दाखवल्या की फॉर्ममध्ये लिहायला एक ठोस ओळ मिळते.

सिस्टिम डिझाइनच्या, म्हणजे एखाद्या मोठ्या सेवेची रचना मांडून दाखवायच्या, फेरीत लोक थेट आराखड्याचे चौकोन काढायला लागतात. आधी आकडा काढा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात; वापरणाऱ्यांकडून सर्व्हरला येणाऱ्या रोजच्या १ कोटी विनंत्या म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे ११५. गर्दीच्या वेळी पाचपट धरल्या तरी सहाशेच्या आत. एवढ्यासाठी डेटाबेस वीस तुकड्यांत वाटायचा कशाला, हा प्रश्न तुम्हीच उपस्थित केलात तर बाजी अर्धी मारली.

आता समोर कोणी बसलेलं असताना बोलत सोडवण्याच्या या पद्धतीचा दोषही सांगायला हवा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी निरीक्षकासमोर मोठ्याने बोलत फळ्यावर प्रश्न सोडवले, काहींनी खोलीत एकट्याने. निरीक्षकासमोर सोडवणाऱ्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. म्हणजे ही फेरी कौशल्याबरोबर घबराटही मोजते. त्यामुळे एकट्याने शेकडो प्रश्न सोडवण्याचा उपयोग एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे समोर माणूस बसवा, साध्या एडिटरमध्ये ऑटोकम्प्लीट (पुढचे शब्द आपोआप सुचवणारी सोय) बंद करा आणि बोलत बोलत सोडवा.

घरी करायच्या असाइनमेंटचं दुखणं निराळं. ‘चार तासांचं काम’ शनिवार-रविवार गिळतं, कारण समोरचे दहा उमेदवार दहा तास घालतील ही भीती. सुरुवातीलाच विचारा: किती तास अपेक्षित आहेत, कोण तपासणार, कशाला गुण, नंतर त्यावर चर्चा होणार का. वेळ संपली की थांबा आणि रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) काय राहिलं, का राहिलं ते लिहा. चालवण्याच्या सूचना एका कमांडमध्ये बसायला हव्यात. तपासणाऱ्याकडे प्रोजेक्ट सुरूच झाला नाही तर पुढचं कोणी वाचत नाही. कोणाशी दहा मिनिटं बोलणं होण्याआधीच असाइनमेंट आली, किंवा ती कंपनीचंच अडलेलं काम वाटली, तर सरळ नाही म्हणा.

फेऱ्या किती असाव्यात? गुगलने आपल्याच भरतीची आकडेवारी तपासली तेव्हा चार मुलाखतींनंतर निर्णयाची खात्री ८६ टक्क्यांवर पोहोचत होती. पुढच्या प्रत्येक मुलाखतीने जेमतेम एखाद टक्का भर पडत होती. सातवी फेरी लावणारी कंपनी काटेकोर असतेच असं नाही. बऱ्याचदा तिला ठरवता येत नसतं.

शांततेची कारणं बहुतेकदा तुमच्याशी संबंधितच नसतात. पद गोठवलेलं असतं. आधीच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि तो होकार देतो का, याची वाट पाहत तुम्हाला राखीव ठेवलेलं असतं. रिक्रूटर, म्हणजे कंपनीतर्फे भरती पाहणारा माणूस, बदललेला असतो. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: पद मंजूर आहे का, किती फेऱ्या, शेवटचा निर्णय कोणाचा. शेवटच्या फेरीनंतर उत्तराची तारीख मागून घ्या. ती उलटल्यावर दोन कामाचे दिवस थांबून एक मेल, आठवड्याने दुसरा, आणि बस्स. दुसरीकडची ऑफर हातात असेल तर तिची मुदत तारखेसह कळवा. अडलेली बैठक याने जितकी लवकर ठरते तितकी कशानेच नाही. नसलेली ऑफर मात्र सांगू नका.

नकारानंतर ‘कारण काय’ विचारलंत तर उत्तर मिळत नाही. कायदेशीर कटकटीच्या भीतीने लेखी कारणं द्यायला कंपन्या कचरतात. फोनवर एवढंच विचारा: ‘कोणत्या फेरीची तयारी मी वाढवावी? आणि पुन्हा अर्ज कधी करता येईल?’ ही मुदत पुष्कळ ठिकाणी सहा महिने ते वर्षभर असते.